अ‍ॅल्युमिनियम कापताना कीस कुठे जातो?

स्टीव्ह गॅस या भौतिकशास्त्र शिकलेल्या अमेरिकी पेटंट वकिलाने १९९९ साली एक वेगळीच टेबल सॉ तयार केली. फिरत्या पात्याला बोट लागलं की पात्यावरचा विजेचा बारीक संकेत बदलतो आणि सुमारे पाच मिलिसेकंदांत पातं जागच्या जागी थांबतं. बोट तुटायच्या ऐवजी ओरखड्यावर निभावतं. पुढे ‘सॉस्टॉप’ या नावाने ही यंत्रं बाजारात आली. आता मिनिटाला काही हजार फेरे घेणारं पातं इतक्या झटक्यात अडवायचं, तर त्यात काय घुसवत असतील? पोलादाची पाचर? नाही, अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा. दाते त्यात रुततात, मऊ धातू दातांमधल्या खाचा भरून टाकतो आणि पात्याला पुन्हा सोडत नाही.

म्हणजे पात्याचा ब्रेक म्हणून जो धातू मुद्दाम निवडला, तोच आपल्याकडे गावोगावच्या वर्कशॉपांत रोज करवतीखाली सरकवला जातो. स्लायडिंग खिडक्यांची सेक्शनं, ऑफिसातली पार्टिशनं, मच्छरजाळीच्या चौकटी, शिड्या, दुकानांचे बोर्ड, सगळं अ‍ॅल्युमिनियमच. कापणाऱ्याला विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: ‘त्यात काय, लाकडासारखं कापतं.’ हे अर्धं खरं आहे. लाकडाच्या करवतीने अ‍ॅल्युमिनियम खरोखर कापता येतं. पोलादाला तिने हात लावायचा नाही. पण लाकूड पात्याला चिकटत नाही, अ‍ॅल्युमिनियम चिकटतं. या धातूचा धोका तो कठीण असण्यात नाही, मऊ असण्यात आहे. म्हणून कापताना एकच प्रश्न सतत विचारत राहावा: निघालेला कीस कुठे जातोय?

करवतीचा प्रत्येक दाता धातूचा एक पापुद्रा सोलतो. तो पापुद्रा दात्यापुढच्या खाचेत गोळा होतो आणि दाता धातूतून बाहेर आला की बाहेर फेकला जातो. पोलादाचा कीस कडक असतो, सुटून पडतो. अ‍ॅल्युमिनियमचा कीस गरम झाला की दात्याच्या धारेवरच दाबून बसतो. मग त्या दात्याला धार उरत नाही, धातूचा गोळा उरतो. पुढचा दाता कापण्याऐवजी घासतो, घासण्याने उष्णता वाढते, उष्णतेने आणखी धातू चिकटतो. हे चक्र एकदा सुरू झालं की काही सेकंदांत मशीनचा आवाज बदलतो, पातं अडकतं किंवा हातातला तुकडा हिसकावून घेतं.

यात तापमानाचा भाग मोठा आहे. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं. लोखंडाला त्यासाठी पंधराशेच्या वर जावं लागतं. पण वितळायची वाट पाहायला नको. अडीचशे अंशांच्या पुढे खिडकीच्या सेक्शनातला मिश्रधातू आपली बरीचशी ताकद गमावून बसतो. त्यात हा धातू तापला तरी लाल होऊन इशारा देत नाही. वितळायला येईपर्यंत तो चांदीसारखाच चमकत राहतो, आणि उष्णता पोलादाच्या कितीतरी पट वेगाने वाहून नेत असल्यामुळे कापाची जागा तापली की हातात धरलेलं टोकही लवकरच चटका देतं. नुकताच कापलेला तुकडा उघड्या हाताने उचलायची घाई करू नये, हे सांगायला लागू नये, पण लागतं.

सगळं अ‍ॅल्युमिनियम सारखं चिकट नसतं. खिडक्यांसाठी येतो तो बहुधा ६०६३ या क्रमांकाचा मिश्रधातू. त्यात थोडं मॅग्नेशियम आणि थोडं सिलिकॉन असतं, आणि भट्टीत विशिष्ट तापमानाला ठेवून त्याला कडकपणा आणलेला असतो. ‘टी-५’, ‘टी-६’ ही अक्षरं त्या प्रक्रियेची खूण. हे सेक्शन नीट कापतं. खरा त्रास देतो तो शुद्धतेच्या जवळचा नरम पत्रा. गुळाचं जसं असतं तसंच हे: हिवाळ्यातली खडखडीत ढेप टचकन फुटते, पावसाळ्यात पाझरलेली सुरीला लपेटून बसते. मऊ म्हणजे कापायला सोपं, हा समज इथे उलटा पडतो.

आता पात्याकडे येऊ, कारण निम्मी सुरक्षितता पातं विकत घेतानाच ठरते. लाकूड उभं चिरायच्या दहा इंची पात्याला चोवीस ते चाळीस मोठे दाते असतात आणि ते पुढे झुकलेले असतात. हा झुकाव लाकडात उपयोगी, कारण दाता स्वतःच माल आत ओढतो. अ‍ॅल्युमिनियममध्ये तीच ओढ अंगावर येते. पातळ भिंतीच्या सेक्शनात असा दाता शिरला की तो भिंत कापत नाही, तिला पकडून उचलतो. म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांचे दाते सरळ किंवा किंचित मागे कललेले ठेवतात. उणे पाच-सहा अंशांचा कोन नेहमीचा. दहा इंची पात्याला ऐंशी ते शंभर दाते असतात. दात्यांची टोकं टंगस्टन कार्बाइडची, आणि त्यांचे आकार आलटून पालटून: एका दात्याचे कोपरे छाटलेले, तो मधून वाट काढतो, मागचा सपाट दाता उरलेल्या दोन्ही कडा साफ करतो. एक रुंद पापुद्रा तीन अरुंद पापुद्र्यांत वाटला गेला की प्रत्येक दात्यावरचा भार घटतो आणि कीस सहज बाहेर पडतो.

पण जास्त दाते म्हणजे नेहमीच चांगलं, असंही नाही. दीड मिलिमीटरच्या भिंतीला शंभर दाते छान. पन्नास मिलिमीटरचा भरीव दांडा त्याच पात्याने कापायला घेतला, तर दात्यांमधल्या खाचा इतक्या लहान पडतात की दांड्यातून बाहेर यायच्या आधीच त्या भरून जातात. भरीव मालाला कमी दाते आणि मोठ्या खाचा हव्यात.

पात्यावर छापलेला कमाल वेग हा आकडाही वाचायचा असतो. दहा इंची मायटर सॉ, म्हणजे पातं वरून खाली आणून कापायची करवत, मिनिटाला साधारण पाच हजार फेरे घेते, चौदा इंची कटऑफ मशीन ३,८०० च्या आसपास. चौदा इंची चकतीची कड त्या वेगाला ताशी अडीचशे किलोमीटरने धावत असते. मशीनचा वेग पात्यावरच्या आकड्यापेक्षा जास्त असेल, तर ते पातं त्या मशीनवर चढवायचं नाही. मग ते कितीही चपखल बसत असो.

वेगाचाच दुसरा भाग म्हणजे माल किती जोराने पुढे सरकवायचा. घाबरलेला माणूस हळू कापतो, आणि इथे हळू कापणं धोक्याचं आहे. थोडं गणित करू. ऐंशी दात्यांचं पातं मिनिटाला ४,८०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ६,४०० दाते मालावरून जातात. चाळीस मिलिमीटर रुंदीचं सेक्शन दोन सेकंदांत कापलं, तर प्रत्येक दात्याच्या वाट्याला सरासरी तीन मायक्रॉनचा पापुद्रा येतो. माणसाचा केससुद्धा याच्या पंधरा-वीस पट जाड असतो. तोच काप आठ सेकंद रेंगाळला, तर दात्याच्या वाट्याला मायक्रॉनही उरत नाही. इतक्या बारीक अंतरात कार्बाइडची धार शिरू शकत नाही, ती नुसती घासते. आणि घासणं म्हणजे उष्णता. उलट अंगाचा भार टाकून रेटलं तर भिंत चिमटते, पातं वाकतं. बरोबर गती हाताला आणि कानाला कळते: आवाज एकसुरी राहतो आणि कीस छोट्या, सुट्या, चमकदार तुकड्यांत उडतो. तो काळपट पिठासारखा निघू लागला किंवा पात्याच्या बाजूला रुपेरी पट्टे दिसू लागले, की थांबायचं.

कीस चिकटू नये म्हणून वंगण हवं. आपल्याकडचा परंपरागत उपाय रॉकेल, आणि हॅक्सॉसाठी तो उत्तमच आहे. पण हातातल्या विजेच्या मशीनच्या मोटारीत कार्बन ब्रश असतात आणि ते चालताना ठिणग्या टाकतात. रॉकेलची वाफ पेट घेऊ शकते असं तापमान साधारण अडतीस अंशांपासून सुरू होतं. मे महिन्यात विदर्भातल्या पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी एवढं तापमान मोटार चालू न करताही असतं. तेव्हा विजेच्या करवतीला रॉकेल नको. त्यासाठी मेणाची कांडी मिळते. ती नसेल तर देव्हाऱ्यातली साधी मेणबत्तीही चालते. मशीन बंद, प्लग काढलेला, पातं पूर्ण थांबलेलं, आणि मग दातांवर मेण घासायचं. मोठ्या फॅब्रिकेटरांकडच्या मशीनला वंगणाचा बारीक फवारा जोडलेला असतो. ती सोय परवडत असेल तर तिच्यासारखं काही नाही.

तरीही बहुतेक अपघात पात्यामुळे होत नाहीत, माल नीट न धरल्यामुळे होतात. मायटर सॉमध्ये पात्याचे खालचे दाते मालाला मागच्या आधाराकडे, म्हणजे फेन्सकडे, ढकलत असतात. तिथवर ठीक. पण मागच्या बाजूला तेच दाते वर उठतात. फेन्स आणि माल यांत फट असेल तर माल वर उचलला जातो आणि फिरतो. बारा फुटी सेक्शनाचं लांब टोक हवेत लोंबकळत असेल तर काप पूर्ण होताना ते खाली झुकतं, फट मिटते आणि पातं चिमटतं. म्हणून लांब टोकाखाली टेबलाच्याच उंचीचा आधार हवा, आणि क्लॅम्प हवाच. हाताने घट्ट दाबलं म्हणजे धरलं, असं लाकडात चालून जातं, इथे नाही.

कोन असलेली पट्टी, म्हणजे अँगल, कशी ठेवायची यावरून कारागिराची पारख होते. एक बाजू आडवी आणि एक उभी ठेवली तर पातं आधी उभ्या भिंतीत शिरतं आणि मग आडव्या भिंतीची सगळी रुंदी एकदम त्याच्या तोंडी येते. त्या क्षणी झटका बसतो. दोन्ही कडा टेबलावर टेकवून कोपरा वर ठेवला, तर पातं सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळपास सारखाच धातू कापत जातं. अर्थात मग खाली खाच पाडलेला लाकडी ठोकळा घेऊन तो क्लॅम्पने जखडावा लागतो. पोकळ पातळ सेक्शनाच्या पोटात मापाचा लाकडी तुकडा घालावा. पत्रा असेल तर दोन प्लायवुडच्या मध्ये तो दाबून तिन्ही एकत्र कापावेत. दात्याला भोवती सगळीकडून माल लागला की त्याला पातळ भिंत उचलायला सापडत नाही.

सर्वांत वाईट तुकडा म्हणजे बाजूला पडणारा छोटा तुकडा. एखाद्या इंचाचा तो सुटा तुकडा काप संपताच मोकळा होतो, जरासा वळतो आणि पातं आणि फेन्स यांच्या मध्ये सापडतो. मग तो गोफणीतल्या दगडासारखा सुटतो, आणि अशा वेळी त्याला गाठायला सापडतो तो बहुधा चेहराच. यावर उपाय अगदी साधा आहे: काप पूर्ण झाला की पातं खालीच ठेवायचं, बटण सोडायचं, पातं थांबू द्यायचं आणि मगच हात वर घ्यायचा. दिवसाला दोनशे काप करणाऱ्याला हे तीन-चार सेकंद जड वाटतात, हे मान्य. पण बरेचसे अपघात याच तीन-चार सेकंदांत होतात. टेबल सॉवर हाच धोका वेगळ्या रूपात येतो. तिथे दाते माल आपल्याकडे फेकतात, म्हणून पात्याच्या सरळ रेषेत उभं राहायचं नाही आणि आखूड तुकडा फेन्सला टेकवून कापायचा नाही.

आता ग्राइंडर. आपल्याकडे अ‍ॅल्युमिनियम कापायला सर्रास चार इंची अँगल ग्राइंडर वापरतात, तोही गार्ड काढून. त्यावर लोखंड कापायची चकती लावली, तर ती अ‍ॅल्युमिनियमने भरून जाते. चकतीचं काम चालतं तेच तिच्यातले कण झिजून गळतात आणि नवे धारदार कण उघडे पडतात म्हणून. मऊ धातूने भोकं बुजवली की हे थांबतं, चकती तापते, तिचा तोल जातो आणि ती फुटू शकते. त्यातली गंमत अशी की ही चकती बहुधा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचीच असते. त्याच धातूचा ऑक्साइड, पण हिऱ्याच्या खालोखालच्या दगडांत मोजावा इतका कठीण. अ‍ॅल्युमिनियमसाठी खास चकत्या मिळतात, त्यावर तसं लिहिलेलं असतं. मधल्या धातूच्या कडीवर वापरायची शेवटची तारीखही कोरलेली असते. दुकानदार ती सहसा दाखवत नाहीत.

चकतीहून भयंकर म्हणजे ग्राइंडरला लाकडाचं दातेरी पातं लावणं. मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे, मालावर टेकायला तळपट्टी नाही, गार्ड नाही, आणि पुढे झुकलेले दाते. एक दाता अडकला की सगळं मशीन हातातून उसळतं. सुतारांकडचा मार्बल कटर निदान तळपट्टीवर टेकून सरळ चालतो. ग्राइंडरवरच्या दातेरी पात्याबद्दल मात्र मला कुठलीही सवलत द्यावीशी वाटत नाही. ते करूच नये.

इथपर्यंत कीस जाड होता. तो बारीक झाला की धोक्याचं स्वरूपच बदलतं. अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यावर हवेतच ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर धरतो आणि तो आतल्या धातूचं रक्षण करतो. म्हणून भांडं चुलीवर पेटत नाही. पण धातूचं पीठ केलं की पृष्ठभाग अफाट वाढतो, आणि तेच पीठ हवेत उडालं तर ते स्फोटक असतं. चीनमधल्या कुन्शान इथे २ ऑगस्ट २०१४ रोजी गाड्यांच्या चाकांना पॉलिश करणाऱ्या कारखान्यात अशी धूळ पेटली. त्या दिवशी ७५ माणसं गेली आणि नंतर हा आकडा १४६ वर पोचला. धूळ ओढणाऱ्या यंत्रणेत साठलेली पूड ओल लागून तापली होती. करवतीचा दाणेदार कीस इतका सहज पेटत नाही, हे खरंच. पण सँडर आणि ग्राइंडर जी करडी पूड सोडतात ती पेटते.

त्यात लोखंडाचा गंज मिसळला तर काय होतं ते रेल्वेच्या रुळांवर पाहायला मिळतं. अ‍ॅल्युमिनियमची पूड आणि लोखंडाचा ऑक्साइड यांचं मिश्रण पेटवलं की अ‍ॅल्युमिनियम ऑक्सिजन हिसकावून घेतं आणि अडीच हजार अंशांच्या आसपास तापलेलं वितळलेलं लोखंड खाली उतरतं. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हान्स गोल्डश्मिट याने १८९५ मध्ये या प्रक्रियेचं पेटंट घेतलं, आणि आपली रेल्वेही रूळ जोडायला हीच पद्धत वापरते. ज्या ग्राइंडरवर सकाळी अ‍ॅल्युमिनियम घासलं त्याच्याच डब्यात दुपारी लोखंडाच्या ठिणग्या पडल्या, तर नकळत तेच साहित्य एकत्र येतं आणि काडीही आपणच लावतो. अ‍ॅल्युमिनियम घासताना ठिणगी उडत नाही, म्हणून ते निरुपद्रवी वाटतं. ठिणगी पुढच्या कामातून येते.

तसाच धोका लाकडाच्या भुशाचा. मायटर सॉच्या कापडी पिशवीत सागाचा भुसा असेल आणि त्यात गरम कीस जाऊन पडला, तर तो आतल्या आत धुमसत राहतो आणि दुकान बंद झाल्यावर पेटतो. धातू कापण्यापूर्वी पिशवी रिकामी करावी किंवा काढूनच ठेवावी. आणि पूड पेटलीच तर पाणी ओतायचं नाही. पेटलेलं अ‍ॅल्युमिनियम पाण्यातून हायड्रोजन सोडतं. नेहमीच्या अग्निशामकाचा झोतही नको, कारण तो पूड हवेत उडवतो. कोरड्या वाळूची एक बादली कोपऱ्यात असावी; वाळू हळूच वरून पसरायची आणि दूर व्हायचं.

विजेचं मशीन लागतंच असंही नाही. एखाद-दोन काप असतील तर हॅक्सॉ पुरेसा आहे. नियम इतकाच, की मालाच्या जाडीत कायम तीन तरी दाते टेकलेले असावेत. इंचाला बत्तीस दाते असलेल्या पात्यात दोन दात्यांमधलं अंतर जेमतेम ०.८ मिलिमीटर असतं. दीड मिलिमीटरच्या भिंतीत म्हणजे दोनही पुरते बसत नाहीत. म्हणून पातं आडवं, तिरकं धरून कापायचं, म्हणजे जास्त दाते टेकतात. जिगसॉला धातूचं पातं लावून, पत्र्यावर मास्किंग टेप चिकटवून, वेग कमी ठेवून वळणदार काप छान निघतात. बँडसॉ सर्वांत शांत. लाकडाच्या बँडसॉचा वेगही अ‍ॅल्युमिनियमला चालतो, आणि तिचे दाते माल नेहमी खाली टेबलाकडेच दाबतात, त्यामुळे उसळण्याची भीती कमी. जागा आणि पैसे असतील तर मी हीच घेईन.

डोळ्यांवर गॉगल हवा, तोही बाजूंनी बंद. अ‍ॅल्युमिनियमला लोहचुंबक ओढत नाही, म्हणून डोळ्यात गेलेला कण लोखंडाच्या कणासारखा चुंबकाने काढता येत नाही. कानांत बोळे हवेत. कापतानाचा आवाज शंभर डेसिबलच्या पुढे सहज जातो. हातमोजे मात्र फिरत्या पात्याजवळ नकोत, कारण मोज्याचा धागा अडकला की तो बोटासकट ओढला जातो. सेक्शन उचलताना आणि कडा घासताना ते घालावेत, कारण ताज्या कापाच्या कडेला उरलेली धातूची झालर, म्हणजे बर, कागदासारखी पातळ आणि वस्तऱ्यासारखी धारदार असते. ती कानशीने काढताना कानस भरू नये म्हणून आधी तिच्यावर पांढरा खडू घासतात. जुनी युक्ती आहे, पण त्यामागचं कारण तेच: कीस चिकटायला जागा मिळू नये.

शेवटी खाली पडलेला कीस. हा धातू वीज वाहतो, म्हणून मशीनच्या हवेच्या फटींतून तो मोटारीत शिरला तर आत शॉर्ट होतो. दिवसाच्या शेवटी मशीन ब्रशने झाडावं. हवेचा झोत मारू नये, त्याने कीस आतच ढकलला जातो. मग तो कीस वेगळ्या कोरड्या डब्यात भरावा, लोखंडाच्या किसात मिसळू नये. स्वच्छ अ‍ॅल्युमिनियम पुन्हा वितळवायला, खनिजापासून नवा धातू बनवायला लागते त्याच्या साधारण पाच टक्केच ऊर्जा लागते. म्हणूनच भंगारवाला त्याला बरा भाव देतो. तो तोलण्याआधी डब्यातून चुंबक फिरवतो, आणि लोखंड निघालं की भाव पाडतो.